डेमो गाडी मयेला जाते तेव्हा: गोव्यातल्या एका स्पोर्ट्स कारच्या टेस्ट ड्राइव्हचं प्रकरण

बार्देशातल्या एका शोरूमने गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका नव्या स्पोर्ट्स कारच्या टेस्ट ड्राइव्ह ठेवल्या होत्या. त्या कशा आखल्या, मध्येच का बदलल्या आणि बदलल्यावर काय झालं, याची ही नोंद. शोरूम, कंपनी आणि माणसं यांची नावं इथे नाहीत. वेळापत्रकं आणि फॉर्म मला याच बोलीवर पाहायला मिळाले. माझं काम विक्रीच्या माणसांना शिकवण्याचं, त्यामुळे त्या दिवसांत मी तिथे बराच वेळ बसून होतो.

परिस्थिती

गाडी दोन-आसनी, पेट्रोलवरची, ताकद मागच्या चाकांना जाणारी, पूर्ण बांधून आयात केलेली. पश्चिमेकडच्या सगळ्या शोरूमना मिळून डेमोसाठी एकच. मुंबईहून पुणे, पुण्याहून गोवा, मग पुढे बेंगळुरू. गोव्याच्या वाट्याला जेमतेम आठवडा. चवथ होऊन गेली होती, पाऊस परतीचा होता. म्हणजे सकाळी कडक ऊन आणि संध्याकाळी गडगडाट.

फ्लॅटबेड ट्रकवरून गाडी उतरली तेव्हा मीटर अजून हजाराच्या आत होता आणि पहिला पेच तिथेच पडला. अशी इंजिनं सुरुवातीला सबुरीने चालवायची असतात. पोर्श पहिल्या ३,००० किलोमीटरपर्यंत जास्त आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला जास्त फेरे, टाळायला सांगते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांची पहिली तपासणी २,००० किलोमीटरला होते आणि तोवर इंजिन पुरतं ताणायचं नसतं. या गाडीच्या पुस्तिकेतही तसंच लिहिलेलं. जाहिरातीत जे दाखवलं नेमकं तेच ग्राहकाला करू द्यायचं नाही! मॅनेजरबाईंनी पुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. ‘लाँच कंट्रोल दाखवा’, म्हणजे उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडून दाखवा, म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं. मला ही युक्ती आवडली. तिने कोणाचा अपमान होत नाही आणि सेल्समनला खोटं बोलावं लागत नाही.

यादी

नावं आली भरपूर. कंपनीच्या संकेतस्थळावर बटण दाबलं की नाव लागायचं, आणि गोव्यात बटण दाबायला रिकामा वेळ असलेली माणसं कमी नाहीत. कळंगुट-बागाला उतरलेले पर्यटक भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी शोरूमपुढे लावून थेट काउंटरला यायचे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या काहींना गाडीपेक्षा गोव्याच्या जीए नंबरात रस होता, कारण तिकडचा रोड टॅक्स जड. त्यांना मॅनेजरबाई शांतपणे सांगायच्या की १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, त्याच राज्यात नोंदणी व्हायची; आणि दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली तर ४७व्या कलमाखाली तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. अर्धे तिथेच गळायचे.

परदेशातून सुट्टीवर आलेले गोवेकर हा वेगळा गट. पैसे असतात, हौस असते, पण खिशात लायसन्स तिकडचं. नुसत्या परदेशी लायसन्सवर स्टिअरिंग द्यायचं नाही, १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा, हा नियम शोरूमने पाळला. एकाने ‘मी इथलाच, म्हापशात वाढलो’ म्हणून बराच आवाज चढवला. त्याला शेजारच्या सीटवर बसवून फिरवून आणलं, एवढंच. इथलं लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवलं तरी चालायचं, फक्त मुदत बघून घ्यायची. पन्नाशीतल्या बऱ्याच लोकांना आपलं लायसन्स संपलंय हे त्या काउंटरवरच कळलं.

पण खरी चाळणी लागली ती वेगळ्याच ठिकाणी. फोनवर वेळ देणारी मुलगी वाळपईची. आधी एका विमा एजंटाकडे कामाला होती. तिथल्या सवयीने ती प्रत्येकाला विचारायची, “गाडी रात्री कुठे ठेवणार?” फॉर्मात असा रकाना नव्हता. नुसतं फिरायला येणारे म्हणायचे, “बघू, जागा आहे.” ज्यांच्या मनात गाडी खरोखर घोळत होती ते मात्र पाच-पाच मिनिटं बोलायचे. शेडवर पत्रे आहेत पण बाजूला माड आहे आणि नारळ कधी पडेल सांगता येत नाही. वाड्यावरचा रस्ता अरुंद आहे, दूधवाल्याचा टेम्पो समोरून आला तर मागे घ्यावं लागतं. गेटपुढच्या गटारावर स्लॅब टाकलाय तो उंच झालाय. ती हे सगळं वहीत टिपून ठेवायची. त्या वहीकडे पहिले दोन दिवस कोणी पाहिलंच नाही.

पहिली आखणी

मार्ग मुख्यालयाकडूनच सुचवून आला होता: हमरस्ता, रुंद, गुळगुळीत, फोटोला चांगला. शोरूममधून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा, म्हापसा मागे टाकायचं, करासवाडा, कोलवाळचा पूल, धारगळ आणि तिथून मनोहर विमानतळाकडे चढणारा जोडरस्ता. प्रत्येकाला अर्धा तास. जाताना सेल्समन चालवणार, वर गेल्यावर अदलाबदल, येताना ग्राहक.

नकाशावर झकास वाटतं. प्रत्यक्षात म्हापशाच्या आसपासच्या गर्दीत अर्ध्या तासातला बराचसा वेळ जायचा. शुक्रवारी तर विचारूच नका. म्हापशाचा बाजार असतो त्या दिवशी तिथून वेळेत सुटायची आशा करणारा माणूस बाहेरचा असावा. जोडरस्त्यावर मोकळं मिळायचं, पण तिथेही वेगमर्यादेची पाटी आहे आणि विमानतळाच्या टॅक्स्या आहेत. मर्यादा ओलांडली तर १८३व्या कलमाखाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजारांचा दंड. दंड किरकोळ, पण चलन गाडीच्या नोंदणीवर म्हणजे थेट कंपनीच्या नावावर जाणार, आणि मग डेमो गाडीच काढून घेतली जाणार. सेल्समन सगळी वाट ग्राहकाच्या उजव्या पायाकडे बघत बसायचा. अशा माणसाच्या तोंडून गाडीची तारीफ कशी निघावी?

ग्राहक मात्र खूश होऊन परतायचे. हसत उतरायचे, गाडीला टेकून फोटो काढायचे, कॉफी प्यायचे, “छान आहे, कळवतो” म्हणायचे. रंग कुठला, डिलिव्हरी कधी, जुनी गाडी घ्याल का, हे प्रश्न कोणी विचारत नव्हतं. शिकवणाऱ्याच्या नजरेला ही लक्षणं ओळखीची असतात. ज्याला घ्यायची असते तो कुरकुर करतो.

कारण उघड होतं, पण अर्ध्या तासाच्या घाईत दिसत नव्हतं. गाडी पळते का, ही शंका मुळात कोणाला नव्हतीच. ज्या शंका होत्या त्या वाळपईच्या मुलीच्या वहीत पडून होत्या, आणि जोडरस्त्यावर त्यांतली एकही सुटण्यासारखी नव्हती. शिवाय गाडी दोन-आसनी. एक सीट ग्राहकाला, एक सेल्समनला. बायको, आई, मुलगा शोरूममध्ये एसीत ताटकळत. एवढ्या पैशांची वस्तू गोव्यातल्या घरात कोणी एकट्याच्या मताने आणत नाही, आणि ज्यांचं मत लागणार ती माणसं पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन टीव्हीवर त्याच गाडीची जाहिरात बघत बसलेली.

मये

बदल घडवला तो एका ग्राहकाने. डिचोली तालुक्यातल्या मयेचे, जहाजावर चीफ इंजिनियर, सुट्टीवर आलेले. वेळ ठरवतानाच त्यांनी सांगितलं, “मॅडम, ते विमानतळाचं राहू दे. गाडी माझ्या दारात येते का तेवढं दाखवा.”

मॅनेजरबाई आधी कां-कूं करत होत्या. ठरलेल्या मार्गाबाहेर गाडी नेणं म्हणजे फॉर्म बदलणं, विमा पॉलिसीतली अट वाचणं, मुख्यालयाला मेल. घरच्यांना बरोबर न्यायचं तर मागे दुसरी गाडी हवी. कोणीतरी सुचवलं की विक्रीसाठी उभी असलेली नवी सेडान काढू, तिला ट्रेड सर्टिफिकेटची, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्यांसाठी विक्रेत्याला मिळणाऱ्या परवान्याची, लाल पाटी आहेच. ते बाईंनी मोडून काढलं, आणि बरोबर केलं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४१व्या नियमात ट्रेड सर्टिफिकेटवरची गाडी कशासाठी रस्त्यावर आणता येते हे मोजून दिलंय: चाचणी, दुरुस्ती, होऊ घातलेल्या ग्राहकाला दाखवणं वगैरे. पाहुण्यांची ने-आण त्यात नाही. शेवटी वर्कशॉपची नोंदणी झालेली जुनी गाडी घेतली, सोबत वर्कशॉपचा फोरमन. त्याने निघताना खिशात टेप टाकली आणि काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं उलगडून घेतलं.

अस्नोड्यावरून डिचोली आणि पुढे मये. वाटेत गतिरोधक येत होते तसा फोरमन मागच्या गाडीतून मला हिशेब सांगत होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. असा असला तर या गाडीला काहीच भीती नाही: चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास, तेवढ्या अंतरात उंचवटा पोटाकडे पाच सेंटिमीटरही येत नाही, आणि पोट जमिनीपासून बारा सेंटिमीटर वर. घात होतो तो गावकऱ्यांनी शाळेजवळ एका रात्रीत घातलेल्या आखूड, टोकदार उंचवट्यावर. तसा एक मयेच्या अलीकडे होताच. तिथे गाडी तिरकी घेतली, एकेक चाक चढवत. मागे दोन स्कूटर आणि एक बस थांबली. बसवाल्याने हॉर्न वाजवला नाही, खिडकीतून वाकून बघत राहिला.

घर जुनं, चिऱ्यांचा गडगा, आत तुळस. गेटला चिऱ्यांचेच दोन खांब. रस्त्याच्या कडेला गटार, त्यावर सिमेंटचा स्लॅब आणि स्लॅबपासून लगेच चढ. फोरमनने टेप लावून सांगितलं, चढ साधारण एकास पाच, म्हणजे अकरा अंशांच्या थोडा वर. या गाडीचं नाकही साधारण तेवढाच कोन सोसतं. म्हणजे अगदी काठावरची गोष्ट. त्याने पुठ्ठा चढाच्या पायथ्याशी पसरला आणि गाडी सरळ, पायी चालण्याच्या गतीने पुढे घ्यायला लावली. पुठ्ठा नाकाखाली सापडला आणि पुढे सरकला. “टेकतंय,” तो म्हणाला. मागे घेतली. दुसऱ्यांदा तिरकी घातली, डावं चाक आधी. पुठ्ठा हलला नाही, पण उजव्या खांबाशी आरसा अडायला लागला. आरसे मिटले, पुन्हा थोडी मागे, पुन्हा पुढे. शेवटी आत आली. वरच्या किमतीच्या काही गाड्यांना नाक उचलायची सोय असते. पोर्शमध्ये ती पुढचा भाग सुमारे ४० मिलिमीटर वर घेते. या गाडीत ती नव्हती, जादा पैसे मोजूनही मिळत नव्हती.

ओट्यावर चीफ इंजिनियरांच्या आई उभ्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “आणि मी बसायचं कुठं?” दार उघडून दिलं. एक पाय आत, मग दुसरा आत येईना; सीट जमिनीला लागून. मुलाने हात धरून बसवलं. उठताना दोघांनी धरावं लागलं. “तुझी तू घे,” त्या म्हणाल्या, “मला देवळात जायला ती जुनी ठेव.”

एका वाक्यात सेल्समनचा अख्खा कागद फाटला. त्याने किंमत काढली होती ती जुनी गाडी बदल्यात धरून. आता जुनी राहणार, म्हणजे एक्स्चेंज बोनस गेला, हप्ता वाढला, आणि शेडमध्ये दोन गाड्या उभ्या करायची जागा लागणार. शेडमध्ये नेऊन दार उघडून पाहिलं. स्पोर्ट्स कारची दारं लांब असतात. शेजारी दुसरी गाडी असताना माणूस बाहेर येईल इतकं उघडत नव्हतं. फोरमनने भिंतीवर खडूने रेघ मारली: जुनी गाडी याच्या पलीकडे लागली तर जमेल.

मग वहिनींनी, म्हणजे चीफ इंजिनियरांच्या बायकोने, चालवली, तलावाच्या बाजूने एक फेरी. परत आल्यावर नवऱ्याशी काहीतरी बोलल्या आणि सेल्समनला विचारलं, “निळी किती दिवसांत मिळते?” त्या शोरूममधल्या आठवड्यातला हा रंगाबद्दलचा पहिला प्रश्न.

येताना अस्नोड्याच्या अलीकडे पावसाने गाठलं. डंपरांच्या चाकांनी आणलेली तांबडी माती रस्त्यावर, त्यावर पहिलं पाणी. मागच्या चाकांची ताकद, उन्हाळी टायर. चाकं घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायला लागला. सेल्समनने गाडी हळू केली आणि उरलेला सगळा रस्ता तशीच आणली. त्यानंतर दुपारी चारनंतरच्या वेळा बंद झाल्या.

बदललेली आखणी

वाळपईच्या मुलीची वही मॅनेजरबाईंच्या टेबलावर आली. ज्यांनी गाडी कुठे ठेवणार ते नीट सांगितलं होतं त्यांना फोन करून विचारलं, तुमच्या घरी आणू का? जवळपास सगळे हो म्हणाले. अर्ध्या तासाची वेळ सव्वा-दीड तासाची झाली. महामार्गाचा तुकडा ठेवला, पण छोटा; इंजिनाचा आवाज कानावर पडावा इतपत. बाकीचा वेळ ग्राहकाच्या वाड्यावरचा रस्ता, त्याचं गेट, त्याची शेड. मागे वर्कशॉपची गाडी, तीत घरची माणसं आणि फोरमन. पर्यटकांसाठी आणि नुसत्या हौशींसाठी शोरूमच्या आवारात बसून बघण्याची वेळ ठेवली, चालवायची नाही. कोणी भांडलं नाही. फोटो तसेही उभ्या गाडीचेच चांगले येतात.

एकदा पर्रातल्या माडांच्या रस्त्याने जावं लागलं, कारण ग्राहकाचं घरच त्या बाजूला. फोटो काढणाऱ्या पर्यटकांनी गाडी अडवली आणि एक जण बॉनेटवर बसायला निघाला. तो रस्ता पुन्हा घेतला नाही.

घरी जाण्याने सगळ्यांनी गाडी घेतली असं नव्हे. फोंड्याकडच्या एका डॉक्टरांच्या गेटमध्ये ती तिरकीही शिरली नाही. तिथेच त्यांनी हात जोडले आणि पुढच्या आठवड्यात त्याच शोरूममधून उंच एसयूव्ही घेतली. मुख्यालयाच्या लेखी हा गमावलेला ग्राहक. माझ्या लेखी नव्हे: तीच गाडी महामार्गावर फिरवून गळ्यात मारली असती तर पहिल्या महिन्यात पुढचा बंपर आणि वर्षभराची कटकट शोरूमच्याच दारात आली असती. आणि एका बांधकाम व्यावसायिकाने तर गाडी न चालवताच नोंदवली. काचेतून पाहिली, पिवळा रंग आवडला, चेक लिहिला. असेही असतात, त्यांच्यासाठी कुठलीच आखणी लागत नाही.

बुकिंगची रक्कम भरून गेलेल्या मोजक्यांपैकी हा एक सोडला तर बाकी सगळे घरी गाडी नेऊन पाहिलेले. पण आकडा इतका लहान की त्यावरून सिद्धान्त मांडायचा मोह मी आवरतो. शिवाय या पद्धतीला माणसं लागतात. फोरमन उरलेला आठवडाभर वर्कशॉपमधून गायब होता आणि तिकडच्या सर्व्हिसच्या वेळा तुंबल्या. दर महिन्याला शेकड्यांनी विकल्या जाणाऱ्या हॅचबॅकला हे कोण करणार?

मुख्यालय

खरा तंटा झाला तो आकड्यांवरून. कंपनीच्या प्रणालीत दर टेस्ट ड्राइव्ह नोंदवायची असते आणि शोरूमची शाबासकी त्या संख्येवर. वेळ वाढवल्यावर दिवसाच्या फेऱ्या अर्ध्याहूनही कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी विभागीय कार्यालयातून फोन: गोव्यात लोकांना गाडीत रस नाही का? मॅनेजरबाईंनी समजावून पाहिलं. पलीकडचा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढच्या पडद्यावर शेडमधल्या खडूच्या रेघेला जागा नव्हती.

तोडगा निघाला तो कागदोपत्री. नवऱ्याने चालवली ती एक फेरी, बायकोने चालवली ती दुसरी. दोघांची लायसन्सं, दोघांच्या सह्या, त्यामुळे खोटं काहीच नाही. आकडा सावरला. बायकांना चालवायला द्यायचीच असा दंडक त्यातून पडला आणि त्याचा फायदा आकड्यापेक्षा मोठा झाला, हे मॅनेजरबाईही मान्य करतात.

पूर्वी अशा आठवड्यात शोरूमने रंगीत फुगे, खाणंपिणं, ओळखीचा छायाचित्रकार यावर खर्च केला असता. या वेळी उरलेल्या पैशांतून त्यांनी लाकडाच्या दोन उतरत्या फळ्या करून घेतल्या, स्लॅबच्या पायथ्याशी ठेवायला. फळ्या डिकीत मावत नाहीत, मागच्या गाडीतून न्याव्या लागतात.

मयेच्या चीफ इंजिनियरांनी जहाजावर परतण्याआधी गवंडी बोलावून चढ गेटच्या आतपर्यंत लांबवून घेतला, एकास आठच्या आसपास, आणि मगच पैसे भरले. गाडी वहिनींच्या नावावर आहे. कंपनीने पुढच्या मॉडेलची डेमो गाडी गोव्याला जूनमध्ये पाठवायचं कळवलंय. मॅनेजरबाईंनी ती ऑक्टोबरवर ढकलायची विनंती केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.